पक्षाध्यक्षपदाच्या उमेदवारांची पारख कशी करावी

सार्वत्रिक निवडणुकीत पक्ष पाहूनच निम्मा निर्णय झालेला असतो. पक्षाध्यक्षाच्या निवडणुकीत मात्र झेंडा, विचार आणि विरोधक हे सारे एकच असल्याने तो आधार उरत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे आणि शशी थरूर यांच्यात झालेली काँग्रेस अध्यक्षपदाची लढत मराठवाड्यातील मतदाराने अभ्यासण्याजोगी आहे.

प्रथम पदाचे काम काय, हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. अध्यक्षाला संघटना उभी करायची असते, गटांत समेट घडवायचा असतो आणि उमेदवारी वाटपाची जबाबदारी घ्यायची असते. या यादीत बसत नाही तो गुण कितीही मोहक असला तरी बाजूला ठेवावा. वक्तृत्वाबाबत मी हेच म्हणेन.

त्यानंतर पूर्वीचे काम तपासावे. खर्गे लातूरला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील वरवट्टीचे, निजामी राजवटीत जन्मलेले आणि रझाकारांच्या हिंसाचारात आईला गमावलेले. आपल्याकडे अनेकांना ते घरचे वाटले ते यामुळेच. परंतु जवळीक बाजूला ठेवूनही त्यांच्या बाजूने एक भक्कम नोंद उरते. हैदराबाद-कर्नाटकाला, म्हणजे कर्नाटकाच्या पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेल्या भागाला, शिक्षण आणि नोकऱ्यांत आरक्षण देणारे कलम ३७१ (जे) ९८ व्या घटनादुरुस्तीने आले, आणि त्या मागणीचा त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. मराठवाडाही त्याच हैदराबाद संस्थानाचा भाग होता, पण येथील वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, हे आठवले की अशा पाठपुराव्याचे मोल कळते. थरूर २००९ पासून तिरुवनंतपुरमचे खासदार होते आणि २०१७ मध्ये स्थापन झालेल्या ऑल इंडिया प्रोफेशनल्स काँग्रेस या पक्षाच्या व्यावसायिकांसाठीच्या शाखेचे अध्यक्षही होते. तरी तालुका पातळीवरची संघटना चालवण्याचा त्यांचा अनुभव मला अपुरा वाटतो.

आश्वासने मात्र वेगळी तपासावीत, कारण येथे पारडे बदलते. थरूर यांनी स्वतंत्र जाहीरनामा मांडला आणि प्रदेशाध्यक्षांना अधिक अधिकार देण्याचा आग्रह धरला. जिल्हाध्यक्षाच्या नेमणुकीसाठी मुंबई-दिल्लीकडे डोळे लावून बसणाऱ्या कार्यकर्त्याला हा मुद्दा जिव्हाळ्याचा वाटायला हवा. खर्गे यांनी निम्मी पदे पन्नाशीच्या आतील लोकांना देण्याचा, पक्षाच्या उदयपूर येथील चिंतन शिबिरात झालेला ठराव अमलात आणण्याचे वचन दिले होते. ऐंशी वर्षांच्या उमेदवाराकडून असे वचन आले, तर ते कोणत्या जिल्ह्यापासून आणि किती महिन्यांत पूर्ण होईल, हे विचारण्यात अनादर नाही.

‘वरून कोणाला पसंती आहे’ या कुजबुजीला निकष मानू नये. थरूर यांनी काही प्रदेश समित्यांकडून समान वागणूक मिळत नसल्याची तक्रार केली होती. ती ऐकून घेणे खर्गे यांना मत देणाऱ्याचेही कर्तव्य होते, असे मी मानतो. मतदान गुप्त होते आणि मोजणीपूर्वी सर्व राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळल्या गेल्या. त्यामुळे कोणत्या प्रदेशाने कोणाला मत दिले हे कळण्याचा मार्गच नव्हता. १९ ऑक्टोबरच्या निकालात खर्गे यांना ७,८९७ आणि थरूर यांना १,०७२ मते मिळाली.

४१६ मते बाद ठरली, हा आकडा मतदाराने लक्षात ठेवावा. पसंतीच्या नावापुढे ‘१’ लिहिण्याची आधीची सूचना थरूर यांच्या आक्षेपानंतर बदलून बरोबरची खूण करण्याचे ठरले होते. म्हणून मतदानाच्या दिवशी केंद्रावर लावलेली सूचना नव्याने वाचूनच लेखणी उचलावी.

हे मत प्रदेश काँग्रेस समितीच्या प्रतिनिधींना असते, सामान्य सदस्याला नसते. तेव्हा आपल्या ब्लॉकचा प्रतिनिधी कोण हे सदस्याने आधी शोधावे आणि तो मतदानाला निघण्यापूर्वी त्याला भेटून, दोन्ही उमेदवारांची आश्वासने त्याने वाचली आहेत का, हे समोरासमोर विचारावे.