छत्री फिरवण्याआधी: उपग्रह बदलल्यावर घरचा सेटटॉप बॉक्स पुन्हा लावण्याची रीत

एखाद्या सकाळी सगळ्या वाहिन्या एकदम गेल्या आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे उरली, की घरातले कोणीतरी पाना घेऊन गच्चीवर जाते आणि छत्री हलवू लागते. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा त्रासाची खरी सुरुवात तिथेच होते. माझ्या मामांच्या गावी काही वर्षांपूर्वी फक्त वारंवारतांची यादी बदलली होती आणि पाच मिनिटांत नवा शोध घेऊन काम भागले असते; पण आलेल्या कारागिराने आधी छत्री सैल केली, आणि मग हरवलेला उपग्रह पुन्हा सापडेपर्यंत सगळी दुपार गेली. म्हणून पान्याला हात लावण्यापूर्वी नेमके काय बदलले आहे, हे ठरवणे ही या कामाची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

आपल्याकडे सर्वाधिक घरांना परिचित असलेल्या डीडी फ्री डिशचेच उदाहरण घेऊ. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली, तेव्हा ती ९५ अंश पूर्व रेखांशावरच्या एनएसएस-६ या उपग्रहावर होती. मार्च २००७ मध्ये इन्सॅट-४बी अवकाशात गेला आणि त्यानंतर ही सेवा ९३.५ अंशांवर आली. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या जीसॅट-१५ ने तिचा भार उचलला, पण हा उपग्रहही त्याच ९३.५ अंशांवर आहे. या दोन बदलांतला फरक नीट समजून घ्यावा. पहिल्या बदलात आकाशातली जागाच बदलली, त्यामुळे छत्री फिरवणे भाग होते. दुसऱ्या बदलात उपग्रह नवा, पण जागा जुनीच होती, त्यामुळे छत्री जिथे होती तिथेच ठेवून केवळ बॉक्समध्ये नवा शोध घेणे पुरेसे होते. तिसरा प्रकार याहून साधा असतो: उपग्रह तोच, जागा तीच, फक्त एखादी वाहिनी दुसऱ्या वारंवारतेवर जाते किंवा वाहिन्यांच्या जागांचा लिलाव झाल्यावर यादीतून गळते. नव्या वर्षाच्या जागा १ एप्रिलपासून लागू होत असल्यामुळे त्या सुमारास एखादी आवडती वाहिनी दिसेनाशी झाली, तर दोष छत्रीचा नाही हे ओळखावे.

असा बदल कधी कधी आधी न सांगताही येतो. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बीच्या सौर पंखाकडून येणाऱ्या विजेत बिघाड झाला आणि त्याचे निम्मे ट्रान्सपाँडर, म्हणजे सिग्नल घेऊन पुन्हा खाली पाठवणारे संच, बंद करावे लागले. त्यानंतर सन डायरेक्ट या खासगी डीटीएच कंपनीची सेवा ९१.५ अंशांवरच्या मीसॅट-३ कडे गेली. दोन अंश म्हणजे कागदावर किती थोडे! पण ६० सेंटीमीटर व्यासाच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते आणि मधल्या रेषेपासून दीड अंश बाजूला गेले, की सिग्नल निम्म्यावर येतो. दोन अंशांची चूक अशा छत्रीला परवडत नाही. जीसॅट-१५ चे अपेक्षित आयुष्य १२ वर्षांचे आहे, हे लक्षात घेता फ्री डिश पाहणाऱ्या घरांनी ही रीत आताच शिकून ठेवणे शहाणपणाचे होईल.

तेव्हा प्रसारकाने प्रसिद्ध केलेल्या सूचनेतून चार गोष्टी आधी कागदावर उतरवून घ्याव्यात: उपग्रहाची जागा किती अंशांवर आहे, वारंवारता किती मेगाहर्ट्‌झ आहे, ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, उभे आहे की आडवे, आणि सिम्बॉल रेट, म्हणजे सिग्नलमधून माहिती येण्याचा वेग, किती आहे. दूरदर्शनच्या बाबतीत ही माहिती प्रसारभारतीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. ओळखीच्या माणसाने मोबाइलवर पुढे पाठवलेली यादी पुष्कळदा दोन वर्षे जुनी असते. पहिला आकडा जुनाच असेल, तर पुढचा गच्चीवरचा सगळा भाग सोडून थेट बॉक्सच्या कामाकडे यावे.

बॉक्सच्या मेनूमध्ये ‘इन्स्टॉलेशन’ नावाचा विभाग असतो आणि तो उघडताना मागितला जाणारा सांकेतिक क्रमांक बहुतेक बॉक्सना ०००० हाच असतो. तेथे एलएनबीचा, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या सिग्नल टिपणाऱ्या डबीचा, प्रकार ‘युनिव्हर्सल’, म्हणजे ९७५० व १०६०० असा निवडावा. एलएनबी आकाशातून आलेल्या वारंवारतेतून यांपैकी एक आकडा वजा करून उरलेली वारंवारता केबलमधून खाली पाठवते. ११०९० मेगाहर्ट्‌झचा सिग्नल असेल तर ९७५० वजा जाऊन खाली १३४० मेगाहर्ट्‌झ येतात. एलएनबीचा आकडा चुकीचा असेल तर छत्री अगदी अचूक असूनही बॉक्स भलत्याच ठिकाणी शोधत राहतो, आणि हा दोष गच्चीवर कितीही वेळ घालवला तरी सापडत नाही. एलएनबीला मिळणारी वीज चालू ठेवावी. उभ्या ध्रुवीकरणासाठी बॉक्स १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट आपोआप पाठवतो. एकच छत्री आणि एकच एलएनबी असलेल्या घरात ‘डायसेक’, म्हणजे अनेक एलएनबींतून एक निवडण्याची सोय, बंद असावे. त्यानंतर कागदावरची वारंवारता, ध्रुवीकरण आणि सिम्बॉल रेट जसेच्या तसे भरावेत.

याच पानावर खाली दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंग्थ’ ही पट्टी केबलमधून काहीतरी येत आहे, एवढेच सांगते. छत्री ढगांकडे वळलेली असली तरी ती चांगली भरलेली दिसू शकते. आपल्याला हवा तो उपग्रह सापडला की नाही, हे ‘क्वालिटी’ची पट्टी सांगते. स्ट्रेंग्थ भरलेली आणि क्वालिटी शून्य असेल, तर केबल व एलएनबी जिवंत आहेत, पण छत्रीचा रोख किंवा भरलेले आकडे चुकले आहेत, असा अर्थ घ्यावा. दोन्ही पट्ट्या शून्य असतील तर आधी केबलची टोके पाहावीत. पावसाळ्यानंतर एलएनबीच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून मधली तांब्याची तार हिरवट झालेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. अशा वेळी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढावा, केबलचे टोक बोटभर कापून नव्याने सोलावे आणि केबलच्या बाहेरच्या जाळीचा एकही धागा मधल्या तारेला टेकणार नाही याची खात्री करूनच कनेक्टर बसवावा. वीज चालू असताना ही जोडणी उघडल्यास बॉक्सचा पुरवठा जळण्याची भीती असते.

आता उपग्रहाची जागाच बदलली असेल, तेव्हाचे काम पाहू. प्रथम जुन्या स्थितीची खूण करावी: खांबावर आणि क्लॅम्पवर रंगाने किंवा पक्क्या शाईने एक सरळ रेघ ओढावी आणि छत्रीमागच्या उंचीच्या कोनाच्या पट्टीवरचा आकडा लिहून घ्यावा. काम फसले तर निदान पूर्वस्थितीला परत येता येते. मग ओळंबा लावून खांब सर्व बाजूंनी उभा आहे ना, हे तपासावे. खांब कललेला असेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि कोणताच आकडा खरा राहत नाही.

९३.५ अंशांवरचा उपग्रह महाराष्ट्रातून आग्नेयेस दिसतो. खऱ्या उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजला असता त्याचा दिशाकोन पुण्यातून सुमारे १३२ अंश आणि क्षितिजापासूनची उंची ५९ अंश येते. मुंबईतून हेच आकडे १३१ आणि ५७.५, कोल्हापुरातून १२९ आणि ६०, पणजीतून १२७ आणि ६१ असे आहेत. नागपूर पुष्कळ पूर्वेला असल्यामुळे तेथून दिशाकोन १४४.५ आणि उंची ६० अंश होते. तुलनेसाठी, ८३ अंशांवरचा उपग्रह पुण्यातून १५३ अंश दिशेला आणि ६६ अंश उंचीवर असतो. म्हणजे ८३ वरून ९३.५ वर येताना छत्री २१ अंश पूर्वेकडे वळवावी लागते आणि ७ अंश खाली झुकवावी लागते. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशापेक्षा कमी फरक असल्याने साधे होकायंत्र चालते, पण ते लोखंडी खांबापासून आणि पत्र्यापासून काही पावले दूर उभे राहून वापरावे.

उंचीच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना चकवते. घरगुती छत्री ‘ऑफसेट’ असते, म्हणजे तिचे तोंड जेथे वळलेले दिसते त्याच्या सुमारे २० ते २५ अंश वर ती पाहत असते. उपग्रह ५९ अंशांवर असला तरी पुण्यातली छत्री उभ्या रेषेपासून साधारण ३४ ते ३९ अंशच मागे झुकलेली दिसते, आणि ती ‘फार खाली पाहते आहे’ असे वाटून पुष्कळजण ती उगाच वर उचलतात. मागच्या पट्टीवरचे आकडे हा फरक धरूनच छापलेले असतात. पण पट्टी गंजून गेली असेल तर कंपासपेटीतला कोनमापक उपयोगी पडतो. छत्रीच्या वरच्या व खालच्या कडेला टेकेल अशी एक सरळ काठी धरावी, तिला कोनमापकाची सपाट बाजू लावावी आणि त्याच्या मध्यातून दोऱ्याला नट बांधून सोडावा. छत्री अगदी उभी असेल तर दोरा शून्यावर येतो. ती जितकी मागे झुकेल तितके अंश दोरा दाखवतो.

उंची बसवून ते नट आवळावेत आणि खांबावरचा क्लॅम्प एवढाच सैल करावा, की छत्री फिरेल पण वाऱ्याने हलणार नाही. येथून पुढे दोन माणसे लागतात: एक गच्चीवर आणि दुसरे टीव्हीसमोर. वरच्याने फोनवर व्हिडिओ कॉल चालू ठेवला, की क्वालिटीची पट्टी त्याला स्वतःलाच दिसते. छत्री हव्या त्या दिशेच्या दहा अंश अलीकडे ठेवून अगदी सावकाश पुढे न्यावी. ६० सेंटीमीटरच्या छत्रीची कड केवळ ५ मिलिमीटर सरकली, म्हणजे गव्हाच्या एका दाण्याएवढी, की तिचा रोख एका अंशाने बदलतो. शिवाय बॉक्सला सिग्नल पकडायला दोन-तीन सेकंद लागतात, म्हणून प्रत्येक सरकवणीनंतर हात काढून मनात पाचपर्यंत मोजावे. घाईने फिरवणाऱ्याची छत्री उपग्रहावरून निघून जाते आणि पट्टीला त्याचा पत्ताही लागत नाही. पूर्ण फेरीत काही मिळाले नाही, तर उंची दोन अंशांनी बदलून पुन्हा तीच फेरी घ्यावी.

पट्टी एकदा शून्यावरून उठली, की काम निम्मे झाले असे समजावे. आता एलएनबी. तिची फिरवण रोखाइतकीच महत्त्वाची असूनही हीच गोष्ट सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. उपग्रह बरोबर दक्षिणेला नसून पूर्वेकडे असल्याने त्याच्या लहरींची उभी रेघ आपल्याला तिरकी दिसते. ९३.५ अंशांसाठी हा तिरकेपणा मुंबई-पुण्यात सुमारे ४५ अंश, कोल्हापुरात ४८ आणि नागपुरात ३३ अंश असतो. ८३ अंशांच्या उपग्रहासाठी पुण्यात तो २५ अंशच असतो. छत्रीच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे पाहिले असता एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावी. आकडा हा आरंभ समजावा आणि शेवटचा शब्द पट्टीला द्यावा: एलएनबी दोन्हीकडे थोडी थोडी फिरवून क्वालिटी जास्तीत जास्त येते तिथे ती आवळावी.

समोर नवी इमारत किंवा वाढलेला नारळ आला आहे का, हे सूर्याकडूनच कळून घेता येते. १२ मार्च आणि १ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास काही दिवस सूर्य रोज थोडा वेळ बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, ९३.५ अंशांसाठी पुण्यात ही वेळ मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या आणि ऑक्टोबरमध्ये अकराच्या किंचित आधीची असते. तेव्हा काही मिनिटे चित्र आपोआप जाते, आणि ते पाहून छत्री फिरवायला धावू नये. मात्र त्याच वेळी छत्रीवर कशाची सावली पडली असेल, तर तीच वस्तू वर्षभर उपग्रहाला अडवत असते. त्यावर झाड छाटणे किंवा छत्रीची जागा बदलणे, एवढेच उपाय आहेत.

क्वालिटी स्थिर झाली, की बॉक्समधील जुन्या वाहिन्यांची यादी आधी पुसावी, अन्यथा मेलेल्या आणि जिवंत वाहिन्या एकमेकींत मिसळतात. मग शोध घ्यावा आणि सापडलेल्या वाहिन्यांची नावे वाचावीत. शेजारच्या उपग्रहावरही तीच वारंवारता असू शकते, त्यामुळे केवळ पट्टी भरली म्हणून विश्वास ठेवू नये. काही वाहिन्या शोधात येऊनही पडदा काळाच राहिला, तर त्या एमपेग-४ या चित्र दाबून पाठवण्याच्या नव्या पद्धतीच्या असण्याची शक्यता असते. जुन्या एमपेग-२ बॉक्सला त्या उलगडता येत नाहीत, आणि तेथे छत्री नव्हे, बॉक्स बदलावा लागतो.

शेवटी सगळे नट आळीपाळीने, प्रत्येकी थोडे थोडे आवळावेत, कारण एकच नट एका दमात आवळला तर छत्री त्या बाजूला खेचली जाते. आवळून झाल्यावर क्वालिटीचा आकडा पुन्हा पाहावा. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात सिग्नल खूप खाली येतो, म्हणून कोरड्या दिवशी ‘दिसते आहे ना’ एवढ्यावर समाधान न मानता मिळेल तो शेवटचा अंश मिळवावा. तो आकडा, तारीख, उपग्रहाची जागा आणि भरलेली वारंवारता एका कागदावर लिहून तो बॉक्सच्या खालच्या बाजूला चिकटवावा.