शाश्वत गुंतवणुकीसाठी हायब्रीड फंड घेताय? या चुका टाळा

कोळसा-तंबाखूच्या धंद्यात आपला पैसा नको, आणि बाजार कोसळला तर झोपही उडायला नको, असं म्हणणारे गुंतवणूकदार हल्ली बरेच भेटतात. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. मग ते समभाग आणि रोखे एकत्र असलेला, म्हणजे हायब्रीड, फंड शोधतात, फॅक्टशीटमधले पहिले दहा समभाग बघतात आणि त्यात खटकणारं नाव दिसलं नाही की निर्धास्त होतात. पण 60 टक्के समभाग आणि 40 टक्के रोखे असलेल्या फंडात शंभरातले चाळीस रुपये कुणाला तरी कर्जाऊ दिलेले असतात. ते कुणाला दिले, हे फार थोडे जण बघतात.

नावावर जाणं

बाजार नियामक सेबीने जुलै 2023 मध्ये ईएसजी योजनांसाठी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार बघून गुंतवणाऱ्या फंडांसाठी, सहा धोरणं आखून दिली. काही उद्योग वगळणं हे त्यातलं एक, त्या-त्या क्षेत्रातल्या उत्तम कंपन्या निवडणं हे दुसरं. अशा योजनेला किमान 80 टक्के रक्कम त्या धोरणात बसणाऱ्या समभागांतच ठेवावी लागते. म्हणजे हा समभागांचा थीमॅटिक, एकाच विषयाला वाहिलेला, फंड झाला, त्याला संतुलित समजून निवृत्तीची पुंजी त्यात टाकू नका. उलट सेबीच्या 2017 च्या वर्गीकरणातल्या बॅलन्स्ड हायब्रीडमध्ये 40 ते 60 टक्के आणि अग्रेसिव्ह हायब्रीडमध्ये 65 ते 80 टक्के समभाग असतात, पण पर्यावरणाचा निकष त्या व्याख्येत कुठेच नाही. एखादा हायब्रीड फंड स्वतःला शाश्वत म्हणवत असेल, तर माहितीपत्रकात एकच गोष्ट शोधा: वगळण्याचा नियम रोख्यांनाही लागू आहे का?

रोख्यांची यादी न वाचणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. फंडाच्या संकेतस्थळावर दर महिन्याला पूर्ण पोर्टफोलिओ येतो, त्यात रोख्यांचा भाग खाली असतो. तिथे पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन किंवा आरईसीचे रोखे हमखास सापडतात. दोन्ही सरकारी कंपन्या सौर प्रकल्पांना कर्ज देतात, तशाच कोळशावरच्या औष्णिक वीज केंद्रांनाही देतात. समभागांतून कोळसा हद्दपार केलेल्या फंडाचा पैसा अशा रीतीने मागच्या दाराने कोळशापर्यंत पोहोचू शकतो. ते तुम्हाला चालेलही. पण माहीत असून चालणं वेगळं.

केंद्र सरकारच्या साध्या रोख्यांचा पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो. हरित रोख्यांचं तसं नाही, त्यांचा पैसा पर्यावरणपूरक कामांसाठीच असतो. केंद्राने जानेवारी आणि फेब्रुवारी 2023 मध्ये पहिले हरित रोखे काढून 16,000 कोटी रुपये उभे केले. त्याच्या आराखड्यात जीवाश्म इंधन, अणुऊर्जा आणि 25 मेगावॅटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्प बसत नाहीत. परतफेड मात्र प्रकल्पाच्या यशावर अवलंबून नाही, ती सरकार करतं. आपल्याकडे पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही 2025 मध्ये 200 कोटींचे हरित रोखे काढले, पादचारी आणि सायकलस्वारांसाठी रस्ते सुधारायला. अशी नावं यादीत दिसली तर फंड व्यवस्थापक मनापासून काम करतोय असं समजायला हरकत नाही.

यादीशेजारी ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ हा आकडाही असतो. तो 7 असेल आणि व्याजदर 1 टक्क्याने वाढले, तर रोख्यांचा भाग साधारण 7 टक्क्यांनी खाली येतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. रोखा हरित असला म्हणून या गणितातून सुटत नाही. पैसे तीन वर्षांत लागणार असतील, तर एवढं ड्युरेशन नको.

हरित म्हणजे सुरक्षित असं धरणं

जेनसोल इंजिनिअरिंगचं प्रकरण नीट वाचण्यासारखं आहे. सेबीच्या 15 एप्रिल 2025 च्या अंतरिम आदेशानुसार कंपनीने 6,400 इलेक्ट्रिक गाड्यांसाठी इरेडा (अक्षय ऊर्जेला कर्ज देणारी सरकारी कंपनी) आणि पॉवर फायनान्सकडून कर्ज घेतलं, प्रत्यक्षात गाड्या घेतल्या 4,704. काही पैसा प्रवर्तकांशी संबंधित व्यवहारांतून गुरुग्रामच्या आलिशान फ्लॅटकडे वळल्याचंही त्यात नोंदवलं आहे. धंदा विजेवरच्या टॅक्सींना गाड्या पुरवण्याचा, म्हणजे कोणत्याही हरित थीममध्ये सहज बसणारा. ईएसजीमधला शेवटचा ‘जी’ हा कारभाराचा असतो आणि रोखेधारकाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते, कारण नफ्यात त्याला वाटा नसतो, बुडाल्यावर मात्र असतो. मानांकनावरही पूर्ण विसंबू नका. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस 2018 च्या उन्हाळ्यापर्यंत ‘एएए’, म्हणजे सर्वोच्च मानांकनाची होती, सप्टेंबरमध्ये हप्ते थकले. म्हणून एका कंपनीचे, किंवा एकाच समूहाचे रोखे किती टक्के आहेत, ते तपासा.

मागे पडला की विकून टाकणं

आयटीसीचा समभाग 2022 मध्ये जोरात चढला. तंबाखू वगळणाऱ्या फंडांना त्यातला एक रुपयाही मिळाला नाही. हा बिघाड नव्हे, तुम्ही निवडलेल्या नियमाची किंमत आहे. फंडाची तुलना त्याच्याच बेंचमार्कशी, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या निर्देशांकाशी करा. त्याच्याही मागे सलग काही वर्षं पडत असेल तरच बदलाचा विचार करा.

स्वतः जुळणी करताना कर विसरणं

मनासारखा फंड नसेल तर ईएसजी समभाग फंड आणि रोखे वेगवेगळे घेता येतात. सरकारी हरित रोख्यांसाठी ‘आरबीआय रिटेल डायरेक्ट’ खातं आहे, मात्र दुय्यम बाजारात ते विकायला गिऱ्हाईक पटकन मिळेलच असं नाही. हायब्रीड फंड आतल्या आत प्रमाण बदलतो तेव्हा तुम्हाला कर लागत नाही. तुम्ही स्वतः विकून बदललंत की लागतो: समभाग फंडावर वर्षभरानंतरच्या सव्वा लाखावरील नफ्याला 12.5 टक्के, आणि एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट (रोख्यांच्या) फंडावर तुमच्या प्राप्तिकर स्लॅबनुसार. त्यामुळे प्रमाण बिघडलं तर आधी विकू नका, पुढचे काही एसआयपी हप्ते कमी पडलेल्या बाजूकडे वळवा.