डबा, पुडा, पाव: कारखान्यातल्या खाण्याचे वस्तुचित्र कसे करावे

फळांची परडी किंवा पाण्याचा घडा रंगवणाऱ्या चित्रकाराच्या पाठीशी काही शतकांची परंपरा असते. कारखान्यात तयार झालेल्या, छापील वेष्टनातल्या खाद्यवस्तूसमोर बसल्यावर मात्र वेगळीच अडचण उभी राहते, कारण त्या वस्तूचे चित्र दुसऱ्या कोणी आधीच काढून तिच्या अंगावर छापलेले असते. डब्याचा रंग, अक्षरांचे वळण, पुड्यावरचे बिस्किटाचे छायाचित्र हे सारे विक्री डोळ्यांसमोर ठेवून एखाद्या व्यावसायिक चित्रकाराने ठरवलेले असते. म्हणून आपण वस्तू रंगवणार आहोत, तिचे वेष्टन रंगवणार आहोत की तिचे असंख्य असणे रंगवणार आहोत, हे पहिली रेघ मारण्यापूर्वी ठरवावे. पुढची प्रत्येक पायरी त्या उत्तरावर अवलंबून आहे.

निवड करताना आपण खरोखर खातो तीच वस्तू घ्यावी. कॅम्पबेल कंपनीचे डबाबंद सूप आपण वर्षानुवर्षे दुपारच्या जेवणात घेत आलो, असे त्या डब्यांची चित्रे काढणारा अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल सांगत असे, आणि त्याच्या चित्रांत त्या डब्याबद्दल ना तिरस्कार दिसतो ना भक्ती. केवळ बाजारू संस्कृतीची टर उडवण्यासाठी आणलेली वस्तू रंगवली की बहुधा निषेधाचे भित्तिपत्रक तयार होते; त्याला चित्रकाराच्या नजरेची फारशी गरज नसते. सवयीच्या वस्तूचे तसे नसते. तिचे झाकण कुठे अडते आणि रिकामी झाल्यावर ती कशी चेपते, हे हाताला आधीच ठाऊक असते.

रेखाटनाची सुरुवात डब्यापासून करणे चांगले, कारण त्यात चुका लपत नाहीत. डबा डोळ्यांच्या पातळीच्या खाली असेल तर वरचे लंबवर्तुळ चपटे आणि तळाचे त्याहून फुगीर दिसते. दोन्ही सारखी काढली की डबा कलल्यासारखा भासतो. खरी कसोटी अक्षरलेखनाची असते. सपाट कागदावर समान रुंदीची असलेली अक्षरे गोलाईवर कडेकडे जाताना आकसतात. दर्शनी मध्यापासून कडेपर्यंतच्या पाव परिघाचे तीन समान भाग केले, तर समोरून पाहताना पहिला भाग त्रिज्येच्या ५० टक्के, दुसरा सुमारे ३७ टक्के आणि तिसरा जेमतेम १३ टक्के रुंदी व्यापतो. एवढे प्रमाण सांभाळले की अक्षरे डब्याला चिकटलेली दिसतात, अन्यथा ती हवेत तरंगतात. शक्य असल्यास तसाच दुसरा डबा घेऊन त्यावरचा कागद सोडवावा, सपाट पसरून अंतरे मोजावीत आणि मगच गोलाईवर उतरवावीत. चकचकीत प्लॅस्टिकच्या पुड्यासाठी एवढेच लक्षात ठेवावे की चकाकीच्या कडा धारदार असतात आणि तिच्या लगतच बऱ्याचदा सर्वांत गडद छटा असते. तिथे रंग घोटून मऊ केला की प्लॅस्टिकचे कापड होते.

वेष्टन बाजूला ठेवून आतला पदार्थच रंगवायचा असेल, तर वेन टीबो या अमेरिकन चित्रकाराची पद्धत अभ्यासावी. तरुणपणी त्याने उपाहारगृहात काम केले होते, आणि काउंटरवर ओळीने मांडलेले केक व ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) तो पुढे बरेचदा स्मरणातून रंगवत असे. फिकट, जवळजवळ पांढरी पार्श्वभूमी, थोडी वरून घेतलेली नजर, एका बाजूने येणारा प्रखर उजेड आणि काळ्याऐवजी निळ्या छटांच्या पडछाया, हा त्या चित्रांचा साधारण सांगाडा. वस्तूच्या कडेला तो उष्ण आणि शीत रंगांच्या बारीक रेषा शेजारी शेजारी ठेवतो, त्यामुळे कडा थरथरल्यासारखी वाटते. केकवरचे क्रीम मात्र तो जाड तैलरंगाने असे ओढतो की तिथे रंग क्रीमचे चित्रण करत नाही, क्रीमसारखा वागतो. हे करून पाहताना खालचे थर पातळ ठेवावेत, जाड रंग शेवटी लावावा आणि तो वाळण्यास पुष्कळ दिवस द्यावेत. प्रत्यक्ष पदार्थ समोर ठेवून काम करणार असाल तर घाई करावी लागते: कापलेला पाव दिव्याखाली लवकर सुकून वाकतो आणि चॉकलेट आपला तुकतुकीतपणा गमावते.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कंटाळवाणी पायरी पुनरावृत्तीची आहे. वॉरहॉलने एकच डबा ३२ कॅनव्हासांवर रंगवला, प्रत्येक कॅनव्हास २० × १६ इंचांचा, आणि प्रत्येकावर सूपचा प्रकार तेवढा वेगळा. यंत्रवत दिसणारी ही चित्रे हाताने रंगवलेली आहेत. डब्याच्या तळाशी असलेली फुलांची ओळदेखील त्याने शिक्क्याने उमटवली होती, आणि रेशीमछपाईकडे (ताणलेल्या जाळीतून रंग उमटवण्याच्या पद्धतीकडे) तो त्यानंतर वळला. आपणही तीच वस्तू त्याच आकारात किमान सहा वेळा रंगवावी. दुसरे चित्र पहिल्यावरून उतरवू नये, दर वेळी वस्तूकडे नव्याने पाहावे. तिसऱ्या-चौथ्या चित्रापर्यंत हात कंटाळतो आणि मग अक्षरांची जाडी, लाल रंगाची छटा, झाकणाची कड यांत बारीक फरक पडू लागतात. ते दुरुस्त करण्याचा मोह टाळावा, कारण कारखान्याने पुसून टाकलेला हाताचा माग तिथेच दिसू लागतो. माझ्या मते या विषयावरची अनेक चित्रे फसतात ती एकच चित्र काढून थांबल्यामुळे.

मांडणीही ओळीचीच ठेवावी. १९६२ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत ते ३२ कॅनव्हास भिंतीलगतच्या अरुंद फळीवर, दुकानातल्या मालासारखे, मांडले होते. त्यांतले काही विकले गेल्यावर गॅलरीचालक आयर्व्हिंग ब्लम यांनी ते परत मिळवून संच एकत्र ठेवला. आज तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे.

खरा पदार्थच कलाकृतीत वापरण्याचा विचार असेल, तर डीटर रोट या कलाकाराने १९७० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये चीजने भरलेल्या सुटकेसचे प्रदर्शन केले होते आणि त्याचा परिणाम दुर्गंधी व माश्या असा झाला होता, हे ध्यानात असू द्यावे. अर्थात रोटला कुजणेच दाखवायचे होते.

चित्र विकायचे असल्यास बोधचिन्हाचा प्रश्न येतो. कॅम्पबेल कंपनीच्या एका अधिकाऱ्याने १९६४ मध्ये वॉरहॉलला कौतुकाचे पत्र लिहून सूपचे डबे भेट देऊ केले होते, पण प्रत्येक कंपनी असेच करील असे गृहीत धरू नये. एकेका चित्राच्या विक्रीपेक्षा तेच चित्र कपड्यांवर किंवा कपांवर छापून विकण्यात धोका सहसा अधिक असतो. तसे करण्यापूर्वी आपल्या देशातील व्यापारचिन्हाचा कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा, किंवा नाव बदलून रंगसंगती आणि अक्षरांची ठेवण तेवढी ठेवावी. मात्र तीही ओळखीची असेल तर धोका पूर्णपणे टळत नाही.