जुना फ्लॅट नवा करताना: यादी लांब, उचल कमी

वीस-पंचवीस वर्षांचा वन किंवा टू बीएचके, मोरीच्या कोपऱ्यात ओल, ओट्याखाली कडाप्पा आणि डोक्यात एक आकडा: "चार लाखांत होऊन जाईल." हा आकडा कुठून आला ते कोणालाच सांगता येत नाही. कॉन्ट्रॅक्टरला बोलवायच्या आधी तो बाजूला ठेवा आणि वही घ्या.

आधी खोलीवार यादी करा. काय तोडायचं, काय बसवायचं, काय तसंच ठेवायचं. "किचन नवीन" असं लिहून चालत नाही. ओट्याला ग्रॅनाइट, डॅडो (ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्स) किती फूट उंच, सिंक एक की दोन, विजेचे पॉइंट किती आणि कुठे, हे सगळं हवं. ही एकच यादी तीन कॉन्ट्रॅक्टरांना द्या, म्हणजे तिघांचे दर एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात. नाहीतर एक जण रंगासकट सांगतो, दुसरा रंगाशिवाय, आणि आपण स्वस्त म्हणून दुसऱ्याला काम देतो.

मापं स्वतः घ्या. मला विचाराल तर बजेट बिघडतं ते इथेच. सात बाय चारचं बाथरूम धरा. चारही भिंती मिळून 22 फूट, टाइल्स सात फुटांपर्यंत, म्हणजे 154 चौरस फूट. त्यातून अडीच बाय सातचा दरवाजा, साडेसतरा फूट, वजा केला की उरतात 136.5. जमिनीचे 28 मिळवले की 164.5. तुटफूट आणि कटिंगसाठी दहा टक्के जास्त धरून टाइल्स आणायच्या साधारण 181 फुटांच्या. मजुरी मात्र 164.5 फुटांची. काही मिस्त्री दरवाजा वजा करत नाहीत, कडेच्या कटिंगला वेळ जातो म्हणतात. म्हणणं अगदीच खोटं नाही, पण ते काम सुरू व्हायच्या आधी ठरलं पाहिजे. सुतार कपाटाचं माप बहुधा समोरून घेतो, लांबी गुणिले उंची. आतले ड्रॉवर आणि चॅनेल त्या दरात आहेत का, ते विचारून घ्या.

दरात काय काय आहे ते लिहून घ्या. फक्त मजुरी की मटेरियलसकट? मटेरियलसकट असेल तर नुसतं "चांगला प्लाय" नको. ओल्या जागेला आयएस 710 या मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, एसी-गीझरला 4 स्क्वेअर एमएमची वायर, असं नेमकं लिहा. राडारोडा खाली कोण नेणार, गाडी कोण बोलावणार? गोण्यांचा हा खर्च नेहमी शेवटी उगवतो. जीएसटी धरलाय का तेही बघा. 18 टक्क्यांनी चार लाखांवर 72 हजार होतात. नोंदणी नसलेल्याला तो लावता येत नाही, म्हणून बिलावर जीएसटी क्रमांक हवा.

सोसायटीची लेखी परवानगी, कामाच्या वेळा, डिपॉझिट हे आधीच उरकून घ्या. बीम-कॉलमला हात लावायचा नाही. भिंत पाडायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

एकूण जमलं की वर पंधरा टक्के वेगळे ठेवा आणि ते कॉन्ट्रॅक्टरला सांगू नका. जुन्या टाइल्स निघाल्या की खाली काय सापडेल, ते कोणालाच माहीत नसतं.

पैसे कामाच्या मागून द्या. पहिल्या वेळी मी निम्मं काम व्हायच्या आत सत्तर टक्के देऊन बसलो होतो. सुतार दिवाळीला गावी गेला आणि दीड महिना आमची कपाटं दारांशिवाय उभी. फोन उचलायचा, "येतो काका" म्हणायचा. वाईट माणूस नव्हता. आमच्याकडून मिळायचं फारसं काही उरलं नव्हतं, एवढंच. आता मी सुरुवातीला दहा टक्के देतो. मग तोडफोड, प्लंबिंग आणि झिऱ्या (पाइप-वायरसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा), वॉटरप्रूफिंग, टाइल्स, सुतारकाम, रंग असा एकेक टप्पा झाला की त्याचे पैसे. शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर महिन्याने. मधे काही वाढलं तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दर लिहून "ठीक आहे" घ्यायचं. तोंडी "बघू नंतर" हे बिलात दुप्पट होऊन येतं.

वॉटरप्रूफिंगचा टप्पा पाणी भरून तपासा. टाइल्स लावायच्या आधी नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) बंद करा, बाथरूममध्ये पाणी भरा आणि 48 तास ठेवा. मग खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघा. त्यांना आधी सांगून ठेवलं असेल तर चहाही मिळतो.

मिस्त्रीशी बोलणं एकानेच करावं. सकाळी नवऱ्याने एक सांगायचं, दुपारी बायकोने दुसरं, यात दिवस फुकट जातो आणि बिगाऱ्याची हजेरी लागतेच. रोज संध्याकाळी दहा मिनिटं जाऊन या, फोटो काढा. झिऱ्या बुजवण्याआधीचे फोटो तर हवेतच, नाहीतर पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळणार नाही.

शेवटचे दहा टक्के देण्याआधी बादलीभर पाणी ओतून उतार बघा आणि टाइल्सवर नाणं वाजवा. आवाज पोकळ आला तर खाली सिमेंटचा माल नीट भरलेला नाही, ती टाइल काढून परत बसवायला सांगा. उरलेल्या टाइल्सचा एक बॉक्स माळ्यावर टाका. त्याच बॅचची छटा दोन वर्षांनी दुकानात मिळणं कठीण.