मोठी फाइल अडते कुठे: एनजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएम

एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएम (त्यामागे पीएचपी कोड चालवणारी सेवा) असलेल्या साइटवर अपलोड फसला की सगळ्या मर्यादा सरसकट वाढवू नका. आधी अडण्याची जागा शोधा. 'डीडी' या कमांडने ५०० केबी, ५ एमबी आणि २० एमबीच्या तीन फाइली बनवा आणि 'कर्ल'ने (कमांड लाइनवरून वेब विनंती पाठवणारं साधन) एकेक पाठवा. ब्राउझरवर भरवसा नको, ४१३ (विनंती फार मोठी) हा एरर आला तरी तो बऱ्याचदा नुसतं 'कनेक्शन रीसेट' दाखवतो.

मूळ सेटिंगवर ५०० केबी जाते, ५ एमबीला ४१३ मिळतो. कारण एनजिनएक्सचा 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' १ एमबी असतो. तो २८ एमबी करा, 'एनजिनएक्स -टी'ने तपासून रीलोड करा. आता ५ एमबी पीएचपीपर्यंत पोचते आणि एरर कोड १ देते, कारण 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' २ एमबी आहे. २० एमबीची गंमत वेगळी. 'पोस्ट मॅक्स साइझ' ८ एमबी असल्याने पीएचपीत फॉर्मची माहिती आणि फाइली ज्यात येतात ते पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही अ‍ॅरे रिकामे येतात. सोबत सीएसआरएफ टोकनही (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) गायब! मग अ‍ॅप 'सेशन संपलं' म्हणतं आणि माणसं सेशनच्या कोडमध्ये दिवस घालवतात.

क्रम असा ठेवा: फाइल २४, पोस्ट २६, एनजिनएक्स २८ एमबी. फॉर्मची बाकीची फील्डंही पोस्टमध्येच मोजली जातात. बदलानंतर एफपीएम रीलोड करा आणि 'पीएचपीइन्फो' (चालू सेटिंग दाखवणारं पान) वेबवरूनच पाहा, कमांड लाइनची पीएचपी.आयएनआय ही सेटिंगची फाइल बहुधा वेगळी असते.

लहान फाइल जाते, मोठीला ५०० (सर्व्हरमधली चूक) येतो? एरर लॉगमध्ये '१३: परमिशन डिनाइड' शोधा. बफरमध्ये (मेमरीतली तात्पुरती जागा) न मावणारी बॉडी, म्हणजे विनंतीतला डेटा, एनजिनएक्स डिस्कवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहितो, आणि वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रक्रिया) ज्या युजरने चालतो त्याला तिथे हक्क नसतो. लॉगमध्ये '२८' हा एरर क्रमांक दिसला तर डिस्क भरली आहे.

५०४ (मागच्या सेवेचं उत्तर वेळेत आलं नाही) साठी मोबाइलच्या संथ नेटला दोष देऊ नका. 'क्लायंट बॉडी टाइमआउट'चे ६० सेकंद दोन वाचनांमधले असतात, पूर्ण अपलोडचे नव्हेत, आणि ते उलटले तर ४०८ येतो. ५०४ म्हणजे फाइल आल्यावर पीएचपी थंबनेल काढण्यासारख्या लांबलचक कामात अडकली आहे. ते काम क्यूमध्ये (नंतर करायच्या कामांची रांग) टाका.

वेग हवा असेल तर पीएचपीचं तात्पुरतं फोल्डर आणि अंतिम फोल्डर एकाच फाइलसिस्टिमवर ठेवा; मग फाइल हलवताना फक्त नाव बदलतं, कॉपी होत नाही. 'फास्टसीजीआय रिक्वेस्ट बफरिंग' (अख्खा अपलोड आधी साठवून मगच पीएचपीकडे देणं) बंद केल्याने डिस्कवरचं एक लेखन वाचतं खरं, पण संथ ग्राहक अख्खा एफपीएम वर्कर अडवून बसतो. वर्कर ५ असतील तर असे पाच जण साइट ठप्प करायला पुरेत, म्हणून ते चालूच राहू द्या.