सुचेनासं झालं की एकाच खिडकीत बसा

गेल्या वर्षी जवळजवळ चार महिने मी कॅमेऱ्याची बॅटरीही चार्ज केली नव्हती. काढावंसं काही दिसतच नव्हतं. रात्री इतरांचे फोटो बघायचे आणि आणखी खचायचं, असं चाललं होतं. मला त्यातून बाहेर काढलं ते पाण्याच्या एका साध्या काचेच्या पेल्यानं.

म्हणून सांगते, नव्या जागा शोधत फिरू नका. एक वस्तू घ्या, खिडकीत ठेवा आणि 36 फोटो झाल्याशिवाय उठू नका. (फिल्मच्या रोलमध्ये सहसा तेवढेच असायचे.) पहिले दहा-बारा फोटो आपण कुठेतरी पाहिलेलेच असतात; ते एकदा निघून जावे लागतात. लेन्स एकच ठेवा, झूम नको. जवळ जायचं तर पायांनी जा.

माझे पहिले पंधरा फोटो अगदी सपक होते. मग वाकून पेल्यातून पलीकडे पाहिलं, तर उजवीकडचं झाड पाण्यात डावीकडे! भरलेला गोल पेला भिंगासारखा वागतो, पलीकडचं डावं-उजवं उलटं करतो. कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर टेकवला आणि फोकस हातानं फिरवत राहिले. काचेवर फोकस असताना झाड पुसट. तो किंचित अलीकडे आणला की खोडाची उभी रेषा लख्ख. मग अर्धं पाणी ओतून टाकलं. आता वरच्या रिकाम्या काचेतून झाड उजवीकडे आणि खाली पाण्यात डावीकडे, एकाच पेल्यात दोनदा. 27वा फोटो तो. एक्सपोजर एक स्टॉप कमी ठेवलं होतं, म्हणजे कॅमेऱ्यात निम्माच उजेड घेतला होता; म्हणून काचेच्या कडेवरची चकाकी जळून पांढरीफटक झाली नाही.

एका खिडकीनं काय भागणार, असं वाटत असेल तर योसेफ सुदेक आठवा. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या या छायाचित्रकारानं 1940 ते 1954 अशी चौदा वर्षं प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. दव, पाऊस, काचेपलीकडचं वाकडं झाड. मला धीर येतो तो या चौदा वर्षांमुळे.

वही मात्र ठेवाच. कवडसा किती वाजता कुठे पडतो, भिंतीवर किती वेळ टिकतो, एवढंच लिहा. दोन-तीन आठवड्यांत तो सरकलेला दिसेल, आणि तुम्ही त्याची वाट बघू लागाल.

काढलेले फोटो लगेच निवडायला बसू नका. आठवडाभरानं छोटे प्रिंट जमिनीवर पसरा. चांगला कुठला ते राहू द्या. आपण पुन्हा पुन्हा कशाकडे वळलो ते बघा. माझ्या बऱ्याचशा फोटोंत कडा होत्या: काचेची, पाण्याची, पडद्याची. पुढचे दोन महिने मी कडाच काढल्या.

वस्तूंचा कंटाळा आला तर शब्द घ्या. अट एकच: तो शब्द ऐकल्यावर जे पहिल्यांदा डोळ्यांसमोर येईल ते काढायचं नाही. मी सध्या ‘उशीर’वर आहे. घड्याळ वर्ज्य, रिकामा रस्ता वर्ज्य. काल संध्याकाळी, उजेड जवळजवळ गेल्यावर, दोरीवर एकटाच राहिलेला वाळलेला शर्ट दिसला. आज त्याच वेळेला पुन्हा तिथे उभी राहणार आहे.