एका रोलवर दोन फेऱ्या: छोट्या फिल्म कॅमेऱ्यावर डबल एक्स्पोजर आणि क्रॉस प्रोसेसिंग कसे करावे

फिल्मच्या एकाच चौकटीवर दोन वेळा प्रकाश पाडणे म्हणजे डबल एक्स्पोजर. खिशात मावणाऱ्या बहुतेक ३५ मिमी कॅमेऱ्यांत मात्र फिल्म पुढे सरकल्याशिवाय शटर पुन्हा दाबले जात नाही. २००६ मध्ये आलेल्या लोमो एलसी-ए प्लससारख्या थोड्या कॅमेऱ्यांत त्यासाठी वेगळा खटका आहे. तो नसेल, तर संपूर्ण रोल एकदा काढावा, मागे गुंडाळावा आणि पुन्हा भरून त्यावर दुसरी फेरी करावी. मला हाच मार्ग अधिक प्रिय आहे, कारण दोन फेऱ्यांच्या मध्ये गाव आणि ऋतू बदलता येतो. ऑक्टोबरात अमळनेरच्या बाजूला कापसाच्या शेतात सुरू झालेला रोल जानेवारीत तापीकाठी पूर्ण होऊ शकतो.

कॅमेरा हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. पहिल्या चित्रात जिथे भरपूर उजेड पडला, तिथे फिल्म जवळजवळ भरलेली असते आणि दुसऱ्या चित्रातले काहीही तिथे ठळक उमटत नाही. जिथे अंधार राहिला, तिथेच दुसरे चित्र उमटते. म्हणून पहिल्या फेरीत गडद आकार शोधावेत: संध्याकाळच्या आकाशावर उमटलेली सातपुड्याची रांग, लळिंग किल्ल्याची कड, पाठीमागून ऊन घेऊन उभा असलेला माणूस. दुसऱ्या फेरीत बारीक नक्षी असलेले विषय घ्यावेत. रावेर-यावलकडच्या बागांतले, उन्हात पारदर्शक दिसणारे केळीचे पान यासाठी उत्तम. कापूस तर त्याहून सरस ठरतो, कारण काळ्या जमिनीवरची पांढरी बोंडे आधीच्या काळ्या आकृतीत एकेक ठिपका होऊन उतरतात आणि जमीन स्वतः दिसेनाशी होते. खानदेशातले उन्हाळ्यातले दुपारचे आकाश मात्र पांढरेफटक असते; ते चौकटीत मोठे आले, तर दुसऱ्या चित्राला जागाच उरत नाही.

आता प्रकाशाचा हिशेब. दोन चित्रांचा प्रकाश एकत्र होणार असल्यामुळे प्रत्येकाला निम्मा द्यावा, म्हणजे आयएसओ (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा) २०० असलेली फिल्म असेल तर कॅमेऱ्यावर ४०० लावावे, म्हणजे कॅमेरा निम्माच प्रकाश घेतो, आणि दोन्ही फेऱ्यांत तेच ठेवावे. ऑलिंपस एक्सए-२ सारख्या कॅमेऱ्यांत हा आकडा हाताने बदलता येतो. जे कॅमेरे फिल्मच्या डब्यावरचा डीएक्स कोड (आयएसओ सांगणारी चौकोनी खुणांची पट्टी) वाचून आयएसओ स्वतः ठरवतात, त्यांत रंगीत निगेटिव्ह फिल्म घालावी आणि काही बदलू नये. एका स्टॉपचा जादा, म्हणजे दुप्पट, प्रकाश ती फिल्म सहज सोसते. फ्लॅश आपोआप उडत असेल तर तो दर वेळी बंद करावा, नाहीतर गडद आकृती उजळून निघेल आणि पहिल्या फेरीचा हेतूच नाहीसा होईल.

रोल भरण्याची पायरी सर्वांत नाजूक आहे. माझ्या पहिल्या रोलवर मी खूण केली नव्हती. सगळ्या चौकटी अर्ध्या-अर्ध्या सरकल्या आणि आकृतींच्या मधोमध काळ्या पट्ट्या आल्या. म्हणून फिल्मचे टोक कॅमेऱ्यातल्या रिकाम्या गुंडाळीच्या खाचेत अडकवून, ती ताणून, फिल्म सरकवणाऱ्या चाकाचे दात तिच्या कडेच्या छिद्रांत बसल्याची खात्री झाली की झाकण लावण्यापूर्वी पक्क्या शाईच्या पेनाने दोन खुणा कराव्यात: एक फिल्मवर, चित्राच्या खिडकीच्या डाव्या कडेला लागून, आणि दुसरी ज्या छिद्रात दात बसला आहे त्याच्याजवळ. दुसऱ्यांदा भरताना दोन्ही खुणा तिथेच आल्या पाहिजेत आणि झाकण लावल्यानंतर रिकामी शटर तितक्याच वेळा दाबली पाहिजेत. काही मिलिमीटरचा फरक तरीही राहतो, म्हणून महत्त्वाचा विषय चौकटीच्या अगदी कडेला ठेवू नये.

पहिल्या फेरीत एक वही जवळ ठेवावी. चौकटीचा क्रमांक, कॅमेरा आडवा होता की उभा, आणि काळा भाग कोणत्या बाजूला होता, एवढे तीनच तपशील लिहावेत. ३६ चौकटी महिन्याभरानंतर कोणाच्याही लक्षात राहत नाहीत.

हाताने गुंडाळायच्या कॅमेऱ्यात रोल मागे घेताना कान लावून बसावे. फिल्मचे टोक गुंडाळीतून सुटल्याचा बारीक आवाज येतो आणि हाताला लागणारा ताण एकदम सैल होतो. तिथेच थांबावे, म्हणजे टोक डब्याबाहेर राहते. मोटरचे कॅमेरे बहुधा टोक आत ओढून घेतात. अशा वेळी टोक बाहेर काढण्याची चपटी पट्टी वापरावी लागते. काही स्वयंचलित कॅमेरे रोल भरताच सगळी फिल्म आधी बाहेर ओढतात आणि शेवटच्या चौकटीपासून उलट मोजत येतात. तुमचा कॅमेरा तसा असेल तर वहीतला क्रम त्याप्रमाणे लिहावा. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात रोल हवाबंद डबीत, थंड जागी ठेवावा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत राहिलेल्या रोलचे रंग बिघडतात.

दुसरी फेरी घरातही करता येते. काळ्या कापडासमोर एखादी वस्तू ठेवून खिडकीचा उजेड एका बाजूने घ्यावा. चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) यांनी घरात बसूनच टेबलटॉप, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेली, छायाचित्रे घडवली. त्यांच्या वास्तूतले संग्रहालय पाहिल्यास मोजक्या वस्तू आणि आवरलेला प्रकाश किती काम करतात ते कळते. फक्त आपला कॅमेरा किती जवळचे स्पष्ट टिपतो, ते आधी पाहावे.

हा सराव झाल्यावर क्रॉस प्रोसेसिंगकडे वळावे. स्लाइड फिल्म, म्हणजे निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचे चित्र देणारी फिल्म, मुळात ई-६ या धुण्याच्या प्रक्रियेसाठी बनलेली असते. ती रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ रसायनांत धुतली की क्रॉस प्रोसेसिंग होते. ई-६ मध्ये सीडी-३ आणि सी-४१ मध्ये सीडी-४ हे वेगळे रंगविकासक (रंग उमटवणारी रसायने) असल्याने फिल्मच्या थरांतले रंग अपेक्षेप्रमाणे तयार होत नाहीत. ते एका बाजूला झुकतात आणि उजेड-अंधारातला फरक तीव्र होतो. फुजीच्या स्लाइड फिल्मांपैकी प्रोव्हिया हिरवट होते, व्हेल्व्हिया १०० लालसर. असा रोल बहुधा एक स्टॉप जादा प्रकाशाने अधिक चांगला येतो, आणि दोन फेऱ्यांत डब्यावरच्याच आयएसओवर काढल्यास तेवढा जादा प्रकाश आपोआप मिळतो. म्हणून इथे आकडा दुप्पट करू नये. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसाचा किंवा सकाळचा कोवळा उजेडच निवडावा, कारण भर उन्हात पांढरे कोरे आणि काळे ठार होते.

डब्यावर ठळक अक्षरांत ‘सी-४१ मध्ये धुवावे’ असे लिहावे आणि लॅब हे काम घेते का, ते आधी विचारावे. सिनेमाची, मागे काळा थर असलेली फिल्म लॅबला न सांगता कधीही देऊ नये; तो थर इतरांचे रोल खराब करतो. घरी धुणार असाल, तर ३८ अंश सेल्सिअसला डेव्हलपर ३ मिनिटे १५ सेकंद, पुढच्या पायऱ्यांची वेळ रसायनांच्या संचावर दिल्याप्रमाणे. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी याहूनही तापलेले असू शकते, तेव्हा थर्मामीटर पाहून ते आधी थंड करावे.

लॅबला आणखी दोन सूचना लेखी द्याव्यात. चौकटींच्या सीमा सरकलेल्या असू शकतात, म्हणून निगेटिव्ह कापू नये. आणि क्रॉस केलेल्या स्लाइड फिल्मला नेहमीच्या निगेटिव्हसारखा नारिंगी पाया नसतो, त्यामुळे स्कॅन करताना आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवावी. नाहीतर ज्या रंगांसाठी एवढे केले, तेच यंत्र पुसून टाकते.